निळ्या झाडाची रंगसफेदी

आमच्या निळ्या झाडाला चुना माझ्या मेहुण्याने लावला नव्हता.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं. मेहुण्याचं नाव सुरेश. माणूस सोन्यासारखा, पण आमच्या नात्यागोत्यात कुठेही रंगकाम निघालं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "सुरेशच्या हाती कुंचा देऊ नका रे!" सगळे हसतात. तोही हसतो. सगळ्यांत मोठ्याने मी हसतो. (लाज नाही मला!)

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत डिंडोलीला राहत होतो. मी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्टर. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राबून घरी आलो, की पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नसे. हा माझा लौकिक गल्लीभर होता आणि मी तो जिवापाड जपला होता.

माझी बायको सुमन हिला एकच वेड: जाडजूड, रसाळ पानांची झाडं. हल्ली त्यांना सक्युलंट म्हणतात आणि त्यांचे फोटो काढतात. तेव्हा आमच्याकडे ती तेलाच्या डब्यांत, फुटक्या कपांत आणि एका जुन्या कुकरात राहत. ही झाडं विकत आणायची नसतात, हा सुमनचा बाणा. एक पान मिळालं की झालं! वाळूवर टेकवून ठेवायचं, पाणी जवळजवळ विसरायचं आणि वाट पाहायची. सुमन दवाखान्यात ताप दाखवायला जायची ती डॉक्टरांच्या खिडकीतलं पान घेऊन यायची. कुणाच्या साखरपुड्याला गेली तर पेढा मला द्यायची आणि पान रुमालात बांधायची. पुढेपुढे ओळखीचे लोक आम्हांला बोलावताना आधी कुंड्या आत घेऊ लागले!

या सगळ्यांत तिचं लाडकं होतं एक निळसर पांढरं झाड. कमळासारखं उमललेलं, एकावर एक पानं, जणू कुणी हलक्या हाताने पावडर लावून बसवलंय. त्यावर ती पावसाचा थेंब पडू देत नसे. मला तर दहा पावलं लांबूनच दर्शन.

अडचण एकच होती, माझी थोरली बहीण. आक्का अमळनेरला राहायची, पण तिचा शब्द डिंडोलीपर्यंत चालायचा. एका वर्षी उन्हाळ्यात, एका लग्नात तिने भर पंगतीत फर्मान काढलं होतं, "काटासनं झाड घरमा नको वं सुमन! कानबाई बसाना आधी समदं फेकी दे!"

"आक्का, सगळ्यांना काटे नाहीत हो. एक तर इतकं देखणं आहे!"

"मंग मी ईसन देखसू. आवडनं तं ठेव. नही तं समदं नाल्यामा!"

आता आमच्या खानदेशी घरांत श्रावणातली कानबाई म्हणजे गंमत नव्हे. सगळी भावकी जमते, आणि देवी बसायच्या आधी घर असं स्वच्छ करतात, की झुरळंसुद्धा स्थलांतर करतात. भिंतींना चुना, भांड्यांना राख, माणसांना आंघोळ! त्या वर्षी मान आमच्या घराचा होता. म्हणजे निळं झाड आक्काच्या नजरेत भरलं तर सगळी झाडं वाचणार, नाही तर कुकरासकट नाल्यात! सुमनला आठवडाभर घास गोड लागत नव्हता.

शनिवारी आक्काची गाडी उधन्याला येणार होती. कोसाडहून सुरेश सकाळीच चुना मारायला आला होता. सुमन आक्काला आणायला निघाली आणि दारातून म्हणाली, "अहो, गॅलरीतल्या कशालाही हात लावू नका."

"मी? हात?" मी खाटेवरूनच म्हणालो.

"हो, तेही खरंच," असं म्हणून ती निर्धास्त गेली.

हे तिचं निर्धास्त जाणं मला कुठेतरी लागलं. बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि आपण लोळतोय! मी तिरीमिरीत उठलो. (सुरेशने दचकून विचारलं, "दाजी, बरं वाटत नाही का?") गॅलरीत जाऊन ते झाड प्रथमच जवळून पाहिलं आणि हादरलो. पानापानावर पांढरी धूळ!

ही धूळ माझ्या ओळखीची होती. खात्यातून घरी येताना माझ्या भुवयांवर, मिशांवर, डब्याच्या झाकणावर हीच असायची. सुताची धूळ! अरे देवा, आक्का येणार आणि झाडाचं तोंडही धुतलेलं नाही! सुमन एवढी टापटिपीची, आणि हे कसं राहिलं?

मी ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान धरून पुसलं. अगदी कानामागे पुसतात तसं. धूळ भराभर निघाली! मला इतका उत्साह आला, की वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर डब्यात एक तेलकट हिरवी कोबी बसली होती.

निळा रंग गायब! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती धूळ नव्हती. तोच त्या झाडाचा रंग होता! पानांनी स्वतःच अंगावर धरलेला, बोट लागलं तरी जाणारा आणि पुन्हा न येणारा. म्हणून तर ती हात लावू देत नव्हती!

तेवढ्यात सुरेश म्हणाला, "दाजी, मी खाली चहा घेऊन येतो. बादलीकडे लक्ष ठेवा."

मी बादलीकडे पाहिलं. चुना. भिंत पिवळी दिसू नये म्हणून त्यात नीळ घातलेली. निळसर पांढरा, थेट त्या झाडाचा रंग! देवच मदतीला धावला म्हणायचं!

मी कुंचा उचलला आणि झाडाला पहिला हात मारला. तेलावर चुना बसेना, ओघळ आले. दुसरा हात मारला, डब्यालाही बसला. तिसरा मारतोय तोच खालून आवाज: "सांभाळून आक्का, जिना ओला आहे!"

सुरेश चहा पिऊन त्यांच्या पुढे दोन पायऱ्या वर आला होता. मी कुंचा त्याच्या हातात कोंबला. "धर! मी आक्काची पिशवी घेतो!"

"दाजी, ह्या झाडाला काय झालं?" असं म्हणत तो भला माणूस वाकला. कुंच्यातून चुना टपटप त्या झाडावर. आणि दारात सुमन!

"सुऱ्या!! मेल्या, काय केलंस हे!"

"अगं ताई, मी फक्त बघत..."

"कुंचा घेऊन बघतात का?"

मी आक्काची पिशवी छातीशी धरून उभा होतो. आक्का पुढे झाली, बोटाने पान चाचपलं. "हाई काय शे वं? मना हात धवळा व्हयी गया!"

सुमन मटकन खाली बसली आणि हमसून रडू लागली. "आक्का, एका पानापासून वाढवलं हो मी! आता टाका सगळी नाल्यात!"

आक्काने पदराला हात पुसला. तिच्या घरी म्हैस गेली तेव्हा सुमन अशीच रडली होती, हे तिला आठवलं असावं. ती सुमनशेजारी बसली. "येडी शे का? झाडकरता इतली रडस? कानबाईना दिवसमा घरमा रडं नको. राहू दे समदं. माले बी एक पान दे, पन चुनानं नको!"

झाडं वाचली. निळ्याची बाहेरची पानं जळून गेली, पण मधून नवा गड्डा फुटला, पुन्हा निळाशार. फक्त सुरेशला गॅलरी कायमची बंद झाली.

गेल्या भाऊबीजेला तो आला होता. केस पिकलेले, काठी हातात, आणि सुमन त्याला ओवाळताना म्हणतेच आहे, "सरळ बस, कुंड्यांकडे बघू नकोस!" मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर उभा राहून, रडवेला होऊन मी सगळं सांगून टाकलं. फडकं, तेल, कुंचा, सगळं.

मग सुमन म्हणाली, "तुम्ही? खाटेवरून उठून? फडक्याने पुसलंत?"

"आईशप्पथ!"

"आपल्या घरात फडकी कुठे असतात, सांगा बरं."

मला सांगता येईना.

सुरेशचे डोळे भरून आले. तो माझे हात धरून म्हणाला, "दाजी, माझ्यासाठी एवढं खोटं बोललात! असा माणूस मिळायला नशीब लागतं!" सुनेने मला वाकून नमस्कार केला. सुमनने पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

मी ती खाल्ली. दुसरी मागून घेतली.