केळीच्या सोपटाने बांधलेला नेचा

ईरा, निहार, तुमचे आजोबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "सोपट सुटलं का?" अजून नाही, म्हटलं. "सुटेल. घाबरू नकोस. मुळांनी धरलं असेल तर राहील... ओढून बघू नकोस मात्र." नर्सने मास्क पुन्हा बसवला. सकाळी फोन वाजला, तेव्हा इस्पितळाचा नंबर बघूनच मी काय ते ओळखलं.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही 'आजी, भिंत दाखव' म्हणायचात, ती हॉलमधल्या माशांच्या टाकीतली भिंत. मागच्या काचेवर त्यांनी बुचाच्या साली चिकटवल्या आणि त्यांवर पाण्यातले नेचे चढवले. भुईगावच्या वाडीत विड्याच्या पानवेली लावण्यात जन्म गेलेला माणूस, त्यामुळे पहिले नेचे त्यांनी तळाच्या रेतीतच खोचले. सगळ्यांची खोडं कुजून काळी पडली. या नेच्यांचं आडवं खोड उघडंच ठेवायचं असतं, हे मी इंग्रजी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं. सालीला नुसतं टेकवून बांधलं की मुळं आपली आपण धरतात. वाडीवाल्याला मातीवाचून करमत नाही, असं मी चिडवलं. "बाईसाहेब, वेलसुद्धा झाडालाच धरते," ते म्हणाले, "बांधायचं कसं ते तुमच्या इंग्रजी पुस्तकात नसेल." आणि वाडीतून केळीच्या खोडाचं सुकलेलं साल, म्हणजे सोपट, आणून, भिजवून, त्याच्या पट्ट्या काढून त्यांनी पानवेलीसारखेच नेचे बांधले. मुळं धरेपर्यंत सोपट टिकतं, मग कुजून गळतं.

मला त्या टाकीची पहिल्यापासून भीती. पाणी आणि वीज इतकी जवळ... ते स्टुलावर चढून कोपरापर्यंत हात बुडवायचे, तेव्हा मी सगळी बटणं बंद करून मागून त्यांचा सदरा धरून उभी राहायची. शेवटचा नेचा त्यांनी वरच्या कोपऱ्यात बांधला तेव्हा त्यांना इतका दम लागला की सदऱ्यातून मला त्यांची पाठ वरखाली होताना कळत होती. त्यानंतर ते स्टुलावर चढले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर तुमच्या बाबांनी वसई रोडच्या एका दुकानदाराशी टाकी न्यायचं ठरवलं. आई, तुझ्याने नाही होणार, म्हणाला. खरंही असेल. मी एवढंच म्हटलं की तो शेवटचा नेचा राहतो का बघू दे. पडला, तर टाकी देऊन टाक. तुम्ही सगळे परत गेलात, आणि मी रोज उठून आधी त्या कोपऱ्याकडे बघू लागले. वीज गेली आणि पंपाचा आवाज थांबला, की मी टाकीपाशी धावायची. आपण बोलून बसलो, आता त्यांच्या हातचं शेवटचं काम आपल्यादेखत खाली पडणार, असंच वाटायचं.

परवा सकाळी सोपट सुटलेलं दिसलं. पट्टी पाण्यावर तरंगत पंपाच्या तोंडाशी आली होती. टाकीतला दिवा लावायचा मला धीर होईना. शेवटी लावला. पाण्याबरोबर पानं हलत होती. खोड जागचं हललं नव्हतं.

दुकानदाराला येऊ नका म्हणून कळवलं. मग सगळी बटणं बंद केली, पुन्हा एकदा तपासली, भिंतीला धरून स्टुलावर चढले. मागे सदरा धरायला कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाण्यात हात घातला आणि नेच्याला धक्का न लावता सोपटाची पट्टी बाहेर काढली. हे पत्र लिहितेय, तिथेच शेजारी ती वाळत ठेवली आहे.