घर पाहून मशीन देणारे उत्तमराव

उत्तमराव खिल्लारे कम्प्युटरचं बटण दाबायचे आणि कम्प्युटरकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघायचे. गयाबाई दुकानाच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तूर निवडत बसलेल्या असायच्या. मशीनच्या पोटातून पी-पी असा आवाज निघायचा. गयाबाई सुपातून डोळे न काढता एक हात वर करायच्या, बोटांनी खूण करायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "एक लांब, दोन तोकडे!"

"म्हंजे ग्राफिक्स कार्ड," उत्तमराव म्हणायचे आणि पेचकस उचलायचे.

उत्तमरावांना अगदी कानाशी बोलल्याशिवाय ऐकू येत नसे. तरुणपणी ते कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते, तिथल्या यंत्रांच्या धडधडीत कान हळूहळू गेले. कम्प्युटर सुरू होताना बिघाड असला तर आवाजानं सांगतो. तो आवाज यांना येईना, म्हणून गयाबाई ऐकायला शिकल्या. आवाज सारखा येत राहिला की त्या म्हणत, "लेकरू रडून राहिलं," म्हणजे रॅम नीट बसलेली नाही. मग उत्तमराव रॅमची पट्टी काढत, तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरानं घासत आणि परत बसवत. एकच छोटा आवाज आला की गयाबाई म्हणत, "हुंकार दिला," म्हणजे सगळं ठीक, आणि पुन्हा तूर निवडायला लागत.

हिंगोलीत माझं फोटो फ्रेमचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून होतं. मधे नुसती पत्र्याची भिंत. नव्वदच्या दशकात उत्तमराव रेडिओ आणि टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे. पुढे गावोगाव सायबर कॅफे निघाले आणि काही वर्षांतच त्यातले निम्मे बंदही पडले. त्यांचे कम्प्युटर भंगारात जायला लागले तसे उत्तमराव नांदेडला, अकोल्याला जाऊन ते उचलून आणू लागले. एकाचा मदरबोर्ड, दुसऱ्याचं कार्ड, तिसऱ्याची हार्ड डिस्क, आणि पंखा कुठल्या तरी चौथ्याचा, असं जुळवून ते गेम खेळण्यासारखं दणकट मशीन तयार करत. नवं घेणं ज्यांना झेपत नव्हतं अशा घरांत ती मशिनं जात. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगून टाकत, "हे चार घरचं लेकरू हाय. मायेनं ठेवलं तर टिकंल."

स्वतः ते गेम खेळत नसत. मशीन तयार झालं की मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून बघायचे. तोही मोटार भिंतीवर आपटेपर्यंतच. "चित्र अडकत न्हाई, रंग बराबर हायेत, बास," म्हणून बंद करायचे.

मला त्यांची खरी ओळख झाली ती कुरुंद्याच्या प्रकरणात.

कुरुंद्याच्या बालाजी नावाच्या एका तरुण शेतकऱ्यानं त्यांच्याकडून मशीन नेलं होतं. गावात पोरांसाठी गेमची जागा काढायची, जमली तर आणखी मशिनं घ्यायची, असा त्याचा बेत होता. दोनेक महिन्यांनी त्याचे वडील दुकानात आले. मशीनमधून ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, खिडकीचा पडदा जळाला, असं ते दारातूनच सांगू लागले.

"लेकरू जवळच बसेल होतं आमचं. हाताला चटका बसला. भंगार देऊन लोकाइची घरं जाळता का तुमी?"

रस्त्यावर माणसं जमली. उत्तमरावांना शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरा वाचता येत होता. गयाबाईंनी कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. उत्तमरावांनी एकच विचारलं, "लेकराचा हात कसा हाय?" बरा आहे म्हटल्यावर त्यांनी दुकान ओढून घेतलं, हत्यारांची आणि सुट्या भागांची पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "भाऊ, तुमी बी चला. तिथं बोलणारं कुणी पायजे."

आम्ही तिघं त्या गृहस्थांबरोबर एसटीनं कुरुंद्याला गेलो.  अंगणात शिरलो तेव्हा हळदीचं पॉलिश चालू होतं. मोठं पिंप गरगर फिरत होतं आणि हवेत पिवळा धुरळा. त्या अंगणाला लागूनच कम्प्युटरची खोली. बालाजी दाराशी मान खाली घालून उभा होता. उत्तमरावांनी मशीन खोललं तर आत सगळं पिवळंधमक. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर बसून पंखा गच्च झाला होता. हवा मिळाली नाही म्हणून वीज घेणारा डबा तापून जळाला होता.

मला हायसं वाटलं. चूक आपल्या माणसाची नव्हती. मी बालाजीच्या वडिलांना ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात उत्तमरावांनी हातानं मला थांबवलं.

"मशीनची चूक न्हाई. तुमची बी न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या घरात हळद हाय हे मला ठाऊक नव्हतं. मशीन कुठं बसणार ते न पाहता देलं. चूक माझी."

 ज्याच्याशी भांडायचं तो माणूस असं बोलेल याची बालाजीच्या वडिलांना कल्पना नव्हती. जरा वेळानं त्यांनीच आत आवाज दिला, "पाहुण्याइला च्या ठेवा." त्या दिवशी उत्तमरावांनी मशीन झाडूनपुसून मागच्या खोलीत हलवलं, नवा डबा बसवला, आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच नाही हे पाहून परसात खड्डा खणायला घेतला. कोळसा, मीठ, पाणी घालून अर्थिंग पुरलं. बालाजीनं त्यांच्या हातातली कुदळ घेतली तेव्हा कुठे ते बाजूला बसले.

तेव्हापासून त्यांनी नेमच केला. घर पाहिल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. कळमनुरी असो, जवळा बाजार असो, नवरा-बायको एसटीनं जायचे, चहा घ्यायचे, खिडकी कुठे, चूल कुठे, वीज कशी ते बघायचे. "पोरगी देताना घर पाहतो का न्हाई आपण? मंग?" असं त्यांचं म्हणणं. लोक हसायचे, पण मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचे.

हा नेम एकदा मात्र अंगाशी आला. हिंगोलीतल्याच एका घरी ते जागा पाहायला गेले. मुलगा बारावी झालेला, बाप नोकरदार. समोरच्या खोलीत पंख्याखाली रिकामी जागा काढून ठेवली होती. फरशीवर खाटेच्या पायांच्या ताज्या खुणा होत्या. उत्तमरावांनी मागे जाऊन पाहिलं. तिथल्या पत्र्याच्या पडवीत म्हाताऱ्या आजोबांची खाट टाकलेली, आणि आजोबा घडी घातलेल्या वाकळेवर हात ठेवून बसलेले. उत्तमरावांनी पत्र्याला हात लावला. तापला होता.

"मशीनला ऊन सोसत न्हाई म्हून सावली काढली, बराबर केलं," ते त्या बापाला म्हणाले. "पण म्हातारं भाईर अन् मशीन आत, असं न्हाई जमायचं. मी देत न्हाई."

"आमच्या घरचं आम्ही बघू. तुम्हाला काय करायचं?" तो माणूस तापला.

उत्तमराव ऐकू न आल्यासारखे चालू लागले. खरोखर ऐकू आलं नव्हतं की काय, कोण जाणे. गयाबाई मात्र वाटभर धुसफुसत आल्या. त्या हंगामात गिऱ्हाईक आधीच पातळ होतं.

दोन-तीन दिवसांनी काठी टेकत ते आजोबाच दुकानात आले. मला वाटलं, आभार मानायला आले असतील. म्हाताऱ्यानं काठी फरशीवर आपटली.

"माह्या नातवाचा कम्प्युटर काहून अडवला रे तू? पडवीत मीच गेलो. माह्या मनानं गेलो! त्यानं मला इचारलं बी नव्हतं. मी कुठं निजायचं ते ठरवणारा तू कोण?"

गयाबाईंनी हे सगळं शब्द न् शब्द नवऱ्याच्या कानात ओतलं. मला वाटतं, जरा खुशीतच ओतलं. उत्तमरावांचा चेहरा उतरला. एवढं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आजोबांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि हात जोडले.

"बाबा, मी घर पाहिलं. माणसाला इचारायचं राहिलं."

"मंग आता इचार."

"पडवीत तकलीफ होती का?"

म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग हळूच म्हणाला, "व्हती. पर पोराची हौस मोठी हाय."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव लोखंडी अँगल आणि फळी घेऊन त्या घरी गेले. भिंतीत उंचावर मशीनचं खोकं बसवलं, खाली अरुंद टेबल लावलं, आणि आजोबांची खाट पुन्हा पंख्याखाली आली. आजोबा खाटेवरून शर्यत बघत आणि नातवाला ओरडून सांगत, "अरे, वळव, वळव! बैल असते तर कव्हाच वळले असते!" हे मला त्या नातवानंच सांगितलं. त्या बापानंही नंतर आपल्या ऑफिसातली दोन गिऱ्हाइकं उत्तमरावांकडे पाठवली.

पुढे फोन स्वस्त झाले, गेम लोकांच्या तळहातावर आले. जुनी मशिनं जुळवून विकण्यात काही राहिलं नाही. उत्तमरावांनी त्याची हळहळ केली नाही. एका सकाळी त्यांनी दुकानातलं सामान गरजवंतांना वाटून टाकलं, उरलेलं भंगारवाल्याला दिलं. लेक अकोल्याला होती, तिच्याकडे जायचं ठरलं. मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. गयाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. एवढी वर्षं दुकान केलं आणि हाती काय लागलं, असं त्या म्हणाल्या. उत्तमरावांनी त्यांच्या ओठांवरून ते ओळखलं असावं.

"किती घरी च्या पेलो आपण, गया," ते म्हणाले. "इतक्या घराइत कोण आत घेतंय माणसाला?"

गाडी आली. त्यांनी मला 'जय भीम' केला आणि खिडकीशी जाऊन बसले.

दोनेक वर्षांनी गयाबाईंचा फोन आला. "भाऊ, हे गेले. सकाळी पेपर वाचला, च्या घेतला, अन् बसल्या जागी गेले. कुणाला तकलीफ देली न्हाई."  मग त्यांनी विचारलं, "तुमची तब्येत बरी हाय ना?"

मी फोन ठेवला आणि भर दुपारी दुकान बंद करायला लागलो. पत्र्याच्या भिंतीपलीकडे आता चपलांचं दुकान होतं. तिथला नवा माणूस बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. उत्तमराव वारल्याचं मी सांगितलं.

"नात्यातले होते का?"

"व्हय," मी म्हणालो, आणि कुलूप लावलं.