माझ्या नंबरावरचा तालुका

कर्जतच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाच्या सावलीत माझे अर्जलेखनाचे टेबल गेली अनेक वर्षे मांडलेले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले; तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून कोणा साहेबाने परत केल्याचे मला स्मरत नाही.

त्या काळी गुप्ततेची रीतच निराळी होती. पक्षकार टेबलाशी आला की बाकीची मंडळी न सांगता पाठ फिरवून बसत. तो माझ्या कानाशी वाकून बोले. मोडलेली सोयरीक, सावत्र भावाची कागाळी, सुनेचे रुसणे, सारे त्याच्या तोंडच्या तंबाखूच्या वासासह माझ्या कानात उतरत असे. अर्ज तयार झाला की तो मोठ्याने वाचून दाखविण्याचा दंडक होता. परंतु जे चारचौघांत वाचण्याजोगे नसे, त्या ओळीवर मी नुसते बोट ठेवी आणि पक्षकार मान हलवी. कुलूप नव्हते, पासवर्ड नव्हता. तरी माझ्या टेबलावरून गोष्ट बाहेर गेली, असे कोणी सिद्ध करून दाखवावे!

पुढे अर्ज ऑनलाइन झाले. मीही लॅपटॉप घेतला. पहिल्याच पानावर मोबाईल नंबर विचारला जाऊ लागला आणि अंगठा बिनघोर उठविणारी माणसे तेथे अडखळू लागली. नंबर एकदा दिला की बक्षीस लागल्याचे, खाते बंद पडल्याचे फोन कोठून कोठून येतात, हे सर्वांना कळून चुकले होते. त्यावर उपायही लोकांनीच काढला.

"तुमचाच टाका की. तुमी काय परकं हाय व्हय?"

असे करता करता निम्म्या तालुक्याच्या अर्जांवर माझा नंबर गेला. त्यांचे ओटीपी माझ्या खिशात वाजू लागले. कोण कशासाठी अर्ज करतो, हे पुनश्च मला एकट्याला ठाऊक असे. ते मला फार सुखावत असे. कानाशी वाकणारी माणसे परत आल्यासारखे वाटे.

अशातच एक बाई आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून मुलीसह निघून आलेली, भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणारी. तिला स्वतंत्र रेशनकार्ड हवे होते. नंबराचा रकाना आला, तशी तिने मोबाईल पदराखाली घेतला.

"नंबर न्हाई देनार, काका. दोन शिम बदलली. मागच्या खेपंला रिचार्जच्या दुकानात नंबर सांगितला, तर मागं सासरचं मानूस उभं. घरी पोचायच्या आत फोनवर नवऱ्याच्या शिव्या सुरू. जीवच घेतो म्हनला."

"मग माझा टाकतो."

"तुमाला शिव्या दिल्या तर?"

"मला कचेरीत ऐकायची सवय आहे."

ती प्रथमच हसली.

पुढे काही दिवसांनी तिचा दीर माझ्या टेबलाशी येऊन बसला. स्वतःच चहा मागविला.

"काका, वहिनीचा अर्ज तुमीच भरला म्हनं. नंबर द्या तिचा. भाऊ लई खंगलाय. दोन शबुद बोलंल."

"तिचा नंबर मजजवळ नाही." हे अक्षरशः सत्य होते.

इतक्यात टेबलावर उताणा पडलेला माझा मोबाईल उजळला. तिचे संपूर्ण नाव, आणि कार्ड नेण्यास कोणत्या दिवशी कोठे यावे, ते त्याखाली. मी चहाची भरली बशी सरळ त्यावर ठेवली.

"काका, मोबाईल हाय त्यो!"

"टेबल डगमगते."

त्याने बशीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमी तिच्याच बाजूचे," म्हणून उठून गेला.

त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही. कानात सांगितलेली गोष्ट पूर्वी टेबलावर आपोआप उजळत नसे. ती पुन्हा चौकशीला आली, तेव्हा मी सर्व प्रकार तिला सांगितला.

"मग आता माझाच नंबर टाका. नवं शिम घेतलंय. रिचार्ज घरीच करते, दुकानात बोलत न्हाई. व्हाट्सपला फोटूच्या जागी शिलाई मशीन लावलीया. वळखीच्या नंबराबिगर फोन वाजतच न्हाई."

नंबर बदलण्यासाठी पहिला ओटीपी माझ्याकडे आला. तो मी भरला. दुसरा तिच्याकडे आला. मी सवयीने हात पुढे केला. तिने मोबाईल छातीशी धरला.

"कुठं टाकायचा ते दावा. मी टाकते."

मागे बसलेल्यांत हशा पिकला. "अर्जवाले, तुमच्यापासून बी पडदा!"

"उद्या तुमचं नाव सांगून बी कुनी मागंल, काका," ती म्हणाली. "तुमाला दिला, तर दुसऱ्याला न्हाई म्हनायला जीभ कशी उचलंल?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळविला आणि रकाना दाखविला. सुईने टोचलेल्या बोटाने तिने एकेक आकडा दाबला.

त्यानंतर इतरही एकेक करून आपले नंबर घालून घेऊ लागले. माझा खिसा आताशा शांत असतो. ती शांतता मला अजून अंगवळणी पडलेली नाही.

त्या दिवशी आकडे टाकून ती उठली, तोच तिच्या हातातला फोन वाजला. तिने नाव पाहिले. "पोरगी हाय," म्हणाली, आणि फाटकाकडे जाता जाता, सबंध आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली, "हां, बोल गं. झालं काम. जेवलीस का?"