खाली पडू दिलेला चेंडू

टेनिसच्या चेंडूंचा एखादा डबा फुटला की रबराचा उग्र वास सुटतो आणि मला दापोड्याच्या गोदामातला माझा तिसरा दिवस आठवतो. नववीतून शाळा सोडून परभणीहून आले होते, खोक्यांवर पत्त्याची लेबलं चिकटवायच्या कामावर, आठ दिवसांच्या ट्रायलवर. सकाळीच एका खोक्यावर भलतंच लेबल चिकटवलं. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "ही एक चूक झाली. दुसरी झाली की गावची गाडी धरायची." जेवणाच्या सुट्टीत इथल्याच गावचे, खोकी तपासणारे चेकर काका मोबाइलवर टेनिस बघत होते. सर्व्हिस करणाऱ्या मुलीचा पहिला चेंडू जाळीत गेला. "आता दुसरा बी चुकला तर डबल फॉल्ट, पॉइंट गेला," काका म्हणाले. मी डबा बाजूला ठेवून मोबाइलजवळ सरकले. तिनं चेंडू उडवला, तो वाकडा गेला, तर तिनं रॅकेट फिरवलीच नाही. चेंडू खाली पडू दिला, उचलला, पुन्हा उडवला. मी विचारलं, "काका, असं चालतं?" "चालतं की. मारलाच न्हाय तर चूक कसली?" दुपारी मॅडम अगदी पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. लेबल खोक्यापासून बोटभर अंतरावर होतं. मी लेबल मागे घेतलं, पत्ता पुन्हा वाचला. लेबल दुसऱ्याच खोक्याचं होतं; मी बरोबरचं उचललं. "हां, आता उडव," पलीकडून काका हळूच म्हणाले. मॅडम पुढे गेल्या. आता नव्या मुलींच्या पाठीशी मीच उभी असते. एखादीचा हात मध्येच थांबला, तर मी तिला घाई करत नाही.