न पेटणारा शर्ट पेटला

थांबा, हातातलं सोडा आणि हे आधी ऐका. आत्ताच सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. भराभर टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

माझ्या डोळ्यासमोर एक शर्ट पेटला. आम्ही बनवलेला शर्ट. पेटू नये म्हणूनच बनवलेला! आणि ज्याचा होता तो माणूस नुकताच तो अंगातून काढून, माझ्या हातात देऊन, बनियनवर शेजारी उभा होता. शर्ट हातात घेतला तेव्हा कोमट होता हो. अंगाची ऊब होती त्याला.

मी टेक्स्टाइल इंजिनिअर. एका सहकारी सूतगिरणीच्या छोट्याशा लॅबमध्ये आहे. आमचं काम एफआर कापडाचं, म्हणजे फ्लेम रिटार्डंट. साधं सुती कापड भडकन पेटतं. त्याच्या धाग्यात केमिकल बसवलं की ज्वाळा लागल्यावर ते काळं पडतं, कोळसा होतो आणि ज्वाळा काढली की विझतं. आग पुढं पळत नाही. तेवढ्यात माणूस मागं सरकतो. बास, एवढंच त्याचं काम. जुन्या केमिकलला उग्र वास यायचा, डोळे चुरचुरायचे, अंगाला खाज सुटायची. कामगार ते कपडे घालायचेच नाहीत. म्हणून आम्ही सौम्य, फॉस्फरसवालं फिनिश तयार केलं. लॅबमध्ये धुवून धुवून जाळून बघितलं. पास. परत पास. मी तर हवेतच होते.

आमचं गिऱ्हाईक तेलगावकडचा एक सहकारी साखर कारखाना. मागच्या सीझनला तिथल्या बाबूमामांना दोन शर्ट ट्रायलला दिले होते. बाबूमामा बॉयलरवर फायरमन. साखर कारखान्यातला फायरमन म्हणजे आग विझवणारा नाही बरं का, भट्टीत आग टिकवणारा. बगॅस म्हणजे उसाचा भुसा जळत असतो आणि कधीकधी भट्टीच्या दारातून ज्वाळा उलटी बाहेर येते. मामा त्या दारात.

गाळप सुरू व्हायच्या आधी पूजा करून बॉयलर पेटवतात, बॉयलर अग्निप्रदीपन. त्याच कार्यक्रमात सगळ्या बॉयलरवाल्यांना आमचे युनिफॉर्म वाटायचे, असं कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी ठरवलं. गठ्ठे आले. आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये डेमो.

नवा शर्ट स्टँडला लावला. खालून बर्नर. काळा पडला, विझला. टाळ्या.

चेअरमनसाहेब म्हणाले, "रेणुका, नवा तर कुणीबी दाखवंल. वापरलेला जाळून दाखव की."

मामा लगेच बटणं काढायला लागले. "माझा घ्या. कालच धुतलाय, तुझ्या मामीनं लई घासून."

मी हसत हसत लावला. बर्नर धरला, काढला. ज्वाळा गेलीच नाही! वर पळाली. बटणपट्टी, खिसा, कॉलर. कुणीतरी वाळूची बादली ओतली तेव्हा कुठं थांबली.

"पोरी, हे काय हाय?" चेअरमनसाहेब.

मी वाळूतनं जळका तुकडा उचलून उलटसुलट बघायला लागले. मामा मात्र त्या वाळूकडं बघत हळूच बोलले, "आदी मी दारापासून लांब उभा ऱ्हायचो. तुझा शर्ट आल्यापसून पार जवळ जातो. ठिणगी पडली तरी झटकीत न्हाई."

साधा शर्ट असता तर हा माणूस लांब उभा राहिला असता ना!

केमिकल खराब? बॅच चुकली? डोकं चालेना. मामांचा दुसरा शर्ट त्यांच्या घरी होता, म्हणून तशीच मामांच्या गाडीवर मागं बसून निघाले. दारात मामी. मामांना बनियनवर बघून म्हणाल्या, "शर्ट कुठाय? पत्त्यात हारलाव का काय?"

"जाळला," मामा म्हणाले.

"कावून?"

मी सांगितलं सगळं. मग विचारलं, "मामी, हा शर्ट धुता कसा?"

"कसा म्हंजी? बोअरच्या पाण्यात. टँकरचं प्यायलाच पुरत न्हाई. बोअर पार तळाला गेलाय, पाणी खारट. साबण फेसतच न्हाई, मग वडी चारदा घासते. चांगला कपडा हाय म्हणून जास्तच."

"आणि खळबळायला?"

"एक बादली. तीच मग मोरीला. आमी काय कमी धुतलं का गं?"

"न्हाई मामी. लई चांगलं धुतलंत."

तिथंच मला उलगडलं. बघा, क्षाराचं पाणी आणि साबणाची वडी एकत्र आले की चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो ना, तोच. तो धाग्याला धरून बसतो आणि एका बादलीत निघत नाही. साबण म्हणजे मुळात तेल-चरबीच. म्हणजे आमचं फिनिश खाली जागेवर असेलही, पण वरून दर धुण्याला एक पेटणारा थर चढत होता. आणि लॅबमध्ये आम्ही धुतो मऊ, म्हणजे बिनक्षाराच्या पाण्यात, नियमात तसंच लिहिलंय!

दुसरा शर्ट कारखान्याच्या लॅबमध्ये नेला आणि मधून कापला. अर्धा तसाच ठेवला. अर्धा लिंबूसत्व घातलेल्या गरम पाण्यात भिजवून मऊ पाण्यात भरपूर खळबळला आणि वाळवला. तसाच ठेवलेला पेटला. धुतलेला काळा पडून विझला. म्हणजे कापड बरोबर होतं.

संध्याकाळी चेअरमनसाहेबांसमोर दोन्ही तुकडे ठेवले.

"मग वाटू की उद्या. पाटी लावू, गोड्या पाण्यात धुवा."

"साहेब, गोडं पाणी कुठाय?"

ते म्हणाले, "पाहुणे यायलेत गं. फोटो हायेत."

बाबूमामा दारातून म्हणाले, "फोटोपुरता घालतो की साहेब. भट्टीवर न्हाई घालणार, आन् पोरांना बी घालू देणार न्हाई."

साहेब चिडले, उठले, दोन चकरा मारल्या. मग एकदम टेबलावर हात आपटला. "आगं, उसातच पाणी हाय की!"

खरंच हो. रस आटवताना जी वाफ होते तिचं परत पाणी होतं, त्याला कंडेन्सेट म्हणतात. गरम आणि मऊ, क्षार जवळपास नाहीच. बाहेर दुष्काळ आणि कारखान्यात उसातून निघालेलं पाणी! पण ते मिळणार गाळप सुरू झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटले, हार झाले, फोटो झाले. युनिफॉर्मचे गठ्ठे बांधलेलेच राहिले. पाहुण्यांनी विचारलं तर साहेब म्हणाले, "माप चुकलंय."

गाळप सुरू झालं तशी गठ्ठे सोडले आणि कारखान्याच्या शेडमध्ये त्याच पाण्यात धुलाई सुरू केली. नियम एकच, शर्ट घरी न्यायचा नाही. काही जण कुरकुरले, त्यांना लग्नात घालायचा होता! आज धुऊन आलेल्यातला एक मामांनी डोळे झाकून उचलला, मी जाळला. काळा पडला. विझला. मगच वाटप केलं. ऊस कमी आहे, सीझन लवकर आटोपेल. कारखाना थांबला की ते पाणीही थांबणार, तेव्हा शर्टही कुलपात.

मी एवढंच शिकले. लॅबमध्ये पास म्हणजे लॅबच्या पाण्यात पास. टेस्ट करायच्या आधी जिथं कापड धुतलं जाणार त्या मोरीत जाऊन बसायचं.

तुमच्याकडं पाणी खारट आहे का? आणि जपून, मन लावून केलेल्या कामानंच घात केला, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? सांगा ना, मी वाचतेय.