घुग्घुसच्या घरातलं पाणी

कोळसा खाणीलगतचं घुग्घुसचं घर सोडून चंद्रपूरला आलो ते नेमकं नाटकांच्या हंगामात. आमच्या झाडीपट्टीत गावात नाटक ठरलं की सगळ्या सोयऱ्यांना बोलावणं जातं, आणि जावंच लागतं. त्यात मुलांना सुट्टीत समुद्र दाखवायचं कबूल केलेलं. खोकी अर्धवट उघडलेली, तिकिटं काढायची राहिलेली, फोन थांबत नव्हता. मी सगळ्यांवर खेकसत होते, "एक जीव किती ठिकाणी पुरणार?"

अशात एका दुपारी वडशाची मावशी दारात उभी. तिला नवा पत्ता कळवायचा राहूनच गेला होता.

"घर कसं सापडलं?" मी विचारलं.

"आधी घुग्घुसले गेली ना मी. तूच तं इथचा पत्ता सांगतला."

त्या बंद घराची किल्ली माझ्या कमरेला होती. सकाळपासून मी इथून हललेही नव्हते.

"मस्करी नको करू गं, मावशी."

"मस्करी तूच करून राह्यली. मले पाणी दिलं, अन् म्हणाली, तू हो समोर, एवढी कोळशाची धूळ झाडते अन् येतेच मागून."

मावशीला आत ओढून मी दाराला कडी घातली.