दहा जणांचा वर्ग

फॉर्मवर दोन चौकोन होते. एकापुढे ‘ऑनलाइन’ लिहिलेलं, दुसऱ्यापुढे ‘प्रत्यक्ष उपस्थिती’. एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए.ला नाव घालणाऱ्या माणसाने कुठल्या चौकोनात खूण करायची, याबद्दल आमच्या घरात कोणालाच शंका नव्हती. मुलीने पुण्याहून फोनवर सांगून टाकलं, “बाबा, ऑनलाइन घ्या. घरी बसल्या बसल्या होते.” बायको मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “तिकडे पोट्ट्यांच्या बेंचवर बसून कंबर धरेल तुमची. मोबाईलवरच होऊन राहिलं आजकाल सगळं. काहून जाता?”

मी ‘प्रत्यक्ष’वर खूण केली आणि फॉर्म कोणी पाहायच्या आत पाकिटात घातला.

मी वीज केंद्रात कंट्रोल रूमला ऑपरेटर आहे. बारावी, मग आयटीआय, मग नोकरी, आणि पदवी राहून गेली ती गेलीच. अठ्ठावीस वर्षं आठ-आठ तास आकडे बघतोय, आधी काट्यांवर, आता पडद्यांवर. वर घरी येऊन आणखी एका पडद्यासमोर बसायचं, या कल्पनेनेच माझं डोकं फिरतं. शिवाय ऑनलाइन शिकण्यात मी काय करतो ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी खात्याचं सुरक्षिततेवरचं एक प्रशिक्षण मी डायनिंग टेबलावर बसून पूर्ण केलं होतं. मध्ये सिलिंडरवाला येऊन गेला, शेजारचे काका येऊन गेले, मी ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत राहिलो आणि शेवटी छान रंगीत प्रमाणपत्र आलं. त्यात काय शिकवलं होतं, हे त्याच दुपारी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कोणी विचारलंच नाही.

अभ्यासकेंद्र शहरातल्या एका कॉलेजचं, पण भरायचं कोराडीला, एका शाळेच्या दोन खोल्यांत, दर रविवारी आठ ते बारा. खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीतून स्कूटरने वीस मिनिटं. साप्ताहिक सुट्टी रविवारी मिळावी म्हणून मी एका सहकाऱ्याशी कायमची अदलाबदल केली. त्याने विचारलं, “दर रविवारी कोणाचं लग्न आहे गा तुझ्या घरी?” मी खरं कारण सांगितलं तर तो आणखी हसला.

पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. शिकवायला मॅडम होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. हुडकेश्वरहून यायच्या, म्हणजे नागपूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तेही स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. विषय अर्थशास्त्र. माझ्या शेजारच्या बेंचवर एक अंगणवाडी सेविका बसली होती, चाळिशीची, हसरी. तिला सगळे ताई म्हणू लागले, मीही म्हणू लागलो.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं, किंमत वाढली की मागणीचं काय होतं? मी ताठ बसून सांगितलं, “वाढते.” विजेचे दर दरवर्षी वाढताना मी पाहिले होते आणि मागणीही दरवर्षी वाढतानाच पाहिली होती. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. ताई पदर तोंडाला लावून इतकी हसली की मॅडमनाही हसू आवरेना. मला राग आला, पण मग मॅडमनी त्यावरच अर्धा तास घालवला आणि मागणी घटते ती का, आणि मी पाहिलेली वाढ वेगळ्या कारणांची कशी, हे फळ्यावर मांडलं. ते मला आजही झोपेतून उठवून विचारा.

बारा वाजले, वर्ग सुटला, सगळे उठले. मी बसूनच. खोली रिकामी झाली तरी मी बेंचवर. मॅडम दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, “सर, काही त्रास होतोय का?” तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी रिलीव्हरची वाट पाहतोय. आमच्याकडे नियमच आहे, पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की लॉगबुक उघडायचं, आपल्या पाळीत काय काय झालं ते सांगायचं, दोघांनी सह्या करायच्या. याला चार्ज देणं म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत चार्ज न देता मी एकदाही उठलो नाही, आणि शाळेच्या बेंचवरूनही उठवेना. मी हे कबूल केलं. ताई चप्पल घालायला व्हरांड्यात थांबली होती. तिने ऐकलं, आणि पुढच्या रविवारी वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

त्यातूनच पुढचं सगळं झालं. ताईला एक रविवार घरच्या कार्यामुळे येता आलं नाही. नंतर ती म्हणाली, “दादा, मले तुमची वही द्या ना. चार्ज द्या मले.” मी वही दिली. मला टिपणं काढता येत नाहीत, मला लॉग लिहिता येतो. त्यामुळे वहीत होतं ते असं: ८.१० मॅडम आल्या. ८.१५ पुरवठा सुरू. ८.४० उदाहरण, संत्री. बहार चांगला आला तर भाव का पडतो, आकृती सोबत. ८.५२ पंखा बंद. ८.५५ पंखा सुरू. ९.२० पाटील गल्लीच्या दुकानदाराची शंका. ९.२६ शंका मिटली. १०.०५ लवचिकता सुरू, माझ्या डोक्यावरून. १०.३० लवचिकता पुन्हा, आता समजली, ती अशी. आणि शेवटी, बाकी सर्व स्थिती सामान्य.

ताईने ती वही वाचली, खाली सही केली आणि परत आणून दिली. म्हणाली, पुस्तकापेक्षा हेच समजते. मग दुसऱ्याने मागितली, तिसऱ्याने मागितली. वही फिरवण्यापेक्षा सोपं म्हणून मी दर रविवारी दुपारी पानांचे फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकू लागलो. खाली हात जोडलेली चित्रं, टाळ्यांची चित्रं, गुलाब. मला फार बरं वाटायचं. मी लॉग आणखी मन लावून लिहू लागलो, आकृत्यांना दोन रंगांची पेनं आणली.

दिवाळीनंतर वर्गात बारा जण होते. जानेवारीत नऊ. मग सात. मी म्हटलं, लग्नाचे दिवस आहेत. मॅडम रिकाम्या बेंचांकडे बघत हजेरी घ्यायच्या. मग एका रविवारी त्यांनी कॉलेजचं पत्र वाचून दाखवलं. आजपासून चौथ्या रविवारी समन्वयक स्वतः येऊन हजेरी मोजणार. दहा विद्यार्थी हजर नसतील तर कोराडीचा वर्ग बंद, सगळ्यांचं पुढचं शिक्षण ऑनलाइन. पत्र वाचून मॅडमनी घडी घातली आणि खडू उचलला.

त्या दिवशी १०.१५ नंतर वहीत एकही ओळ नाही. डायनिंग टेबल दिसू लागलं, सिलिंडरवाला दिसू लागला, आणि ‘पुढे’, ‘पुढे’ दाबणारा मी. पदवी मिळाली असती, त्याची खात्री होती. त्या रंगीत प्रमाणपत्रासारखीच मिळाली असती. मला खरंच भीती वाटली.

पुढच्या रविवारी मी वर्गाला जाताना चौकात तर्री पोह्यांच्या ठेल्यावर आमच्या वर्गातला तो दुकानदार दिसला. समोर भरलेली प्लेट, वेळ पावणेआठची. मी स्कूटर थांबवून विचारलं, “आज येऊन नाही राहिले का क्लासले?”

तो मोकळेपणाने म्हणाला, “दादा, तुमचा लॉग येते ना दुपारी. पंखा कधी बंद झाला तेही समजते. मग काहून चार तास बसाचं? आम्ही सारे घरी तेच वाचून राहिलो.” आणि वर मला पोहे खायचा आग्रह केला.

मी पोहे खाल्ले नाहीत. माझा जीव सुखावलाही आणि जळलाही. घरच्यांचं न ऐकता ‘प्रत्यक्ष’वर खूण केली ती मी, आणि मीच दर रविवारी दोन रंगांत लिहून वर्ग घरपोच करत होतो. लोकांना दोष कसला द्यायचा? इतकी सोय केल्यावर मीही आलो नसतो.

त्या दुपारी मी फोटो टाकले नाहीत. ग्रुपवर विचारणा सुरू झाली. तब्येत ठीक आहे ना, फोन बिघडला का. संध्याकाळी मी लिहिलं: “चार्ज फोनवर मिळत नसतो. आमच्याकडे समोर उभं राहून घ्यावा लागतो. वही माझ्याजवळ आहे. रविवारी साडेसातला शाळेत या, सगळं समजावून सांगतो, सही करा.” दुकानदाराने रागाचं चित्र टाकलं. एकाने लिहिलं की म्हाताऱ्याला भाव चढला. बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, “बरोबर लिहिलं तुम्ही. आता कोणी नाही आलं तं घरी बसा मेथी निवडत.”

पण आले. परीक्षा जवळ होती, हे खरं कारण. मी स्वतःला मोठेपणा देत नाही. साडेसातला येऊन माझ्याकडून चार्ज घ्यायचे, आणि सांगता सांगता आठ वाजले की मॅडम यायच्या, मग उठून जायला त्यांनाच लाज वाटायची. दुसऱ्या रविवारी तर दुकानदार सगळ्यांसाठी पोहे बांधून घेऊन आला.

मोजणीच्या रविवारी मी सव्वासातलाच पोचलो. आम्ही दहा जण नक्की होतो, मी बोटांवर तीनदा मोजले होते. शाळेच्या फाटकात पाहतो तर टेबल मांडलेलं, निळा डबा, पिवळं बॅनर, आणि टेबलामागे ताई. पोलिओचा रविवार. बूथ नेमका आमच्या शाळेला, आणि ड्यूटी तिची.

“दादा, मले कालच ऑर्डर भेटली,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मदतनीस एकलीच कशी करेल? मी नाही उठू शकत.”

आत नऊ जण. समन्वयक साहेब साडेनऊला आले आणि मागच्या बाकावर बसून हजेरीपत्रक मागितलं. मी उठून म्हटलं, “सर, दहावी फाटकात आहे. मी जातो तिच्या जागी, बोटाले शाई लावायचं काम करतो. तिले पाठवतो.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही गेलात तर परत नऊच.”

सगळे हसले. मी नाही हसलो. मला खरंच ते सुचलं नव्हतं. मी उभाच राहिलो, बसावं की जावं ते कळेना. मॅडमनी खडू पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, “बेंच उचला.” आम्ही पाच बेंच उचलले, दुकानदाराने फळा काढून डोक्यावर घेतला, आणि वर्ग फाटकाशी कडुनिंबाखाली, ताईच्या टेबलापासून दोन हातांवर मांडला. साहेब मागून येत म्हणत होते, “अहो, वर्ग म्हणजे खोली असते.” मॅडम म्हणाल्या, “सर, हजेरीपत्रकात खोलीचा रकानाच नाही.” साहेबांनी पत्रक उलटून पाहिलं. खरंच नव्हता.

मॅडमनी महागाईचा धडा सुरू केला. पोरं रडत होती, आया रांगेत उभ्या राहून ऐकत होत्या. मध्येच मॅडमनी ताईला प्रश्न विचारला. ताईने एका बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि मान न वळवता अगदी बरोबर उत्तर दिलं. मदतनीस तिच्याकडे बघतच राहिली.

साहेबांच्या हातात पेन होतं, पण ते लिहीत नव्हते. वर्गात वयाने मीच मोठा, म्हणून त्यांनी मला विचारलं, “काका, एवढी धावपळ कशाला? घरून केलंत तर तुम्हालाच सोपं जाईल.”

 मी म्हटलं, “साहेब, घरी मी चुकलो तं कोणाले माहीतच होत नाही. इथं चुकलो की हे सारे हसते. मले ते पाहिजे.”

 साहेबांनी एकदा आमच्याकडे, एकदा टेबलामागच्या ताईकडे पाहिलं, हजेरीपत्रकावर दहाचा आकडा लिहिला आणि सही केली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच वहीत वेळ लिहू लागलो.

“सर, वही राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या रविवारी दिलेलं गणित सोडवलंत का?”

नव्हतं सोडवलं. मी बेंचवरून उठलो आणि सगळ्यांसमोर तसं सांगितलं.